एअर इनटेक बदलताय? आधी ब्रीदरचा पाइप कुठे जाणार ते ठरवा

कोन फिल्टर, कोल्ड एअर पाइप, मोठी थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप), नाहीतर थेट टर्बो. गाडीचं इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी वाट, बदलायचं म्हटलं की चर्चा एवढ्यावरच होते. मूळ एअर बॉक्स काढताना मात्र टॅपेट कव्हरकडून (इंजिनाच्या वरच्या झाकणाकडून) येणारा एक अंगठ्याएवढा रबरी पाइप, म्हणजे ब्रीदर, हातात येतो आणि नव्या इनटेकला तो जोडायला जागाच नसते. मग कुणी त्याच्या तोंडात बोल्ट ठोकतं, कुणी छोटासा फिल्टर लावून तो तसाच लोंबकळत ठेवतं. काही महिन्यांनी इंजिनला ऑइलचा पाझर सुटतो, स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वर-खाली होतो, केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास येतो. दोष जातो फिल्टरच्या कंपनीवर किंवा ‘जुन्या झालेल्या सील’वर.

हा लेख नाशिकमध्ये पहिल्यांदाच इनटेक बदलणाऱ्यांसाठी आहे. काम स्वतः करा किंवा मेस्त्रीकडून करून घ्या, पण ब्रीदरचा मार्ग कागदावर आखल्याशिवाय फिल्टरचे पैसे देऊ नका.

## आधी हे समजून घ्या

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळणाऱ्या वायूचा थोडा भाग त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतोच. गॅरेजात ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. त्या वायूत न जळलेलं पेट्रोल, काजळी, आम्लं आणि भरपूर वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, त्यातला काही वाटा ऑइलपर्यंत पोचतो. हा सगळा माल बाहेर काढला नाही तर दाब साठतो, ऑइल पातळ होतं आणि काळा चिकट गाळ धरायला लागतो.

पेट्रोल इंजिनात त्यासाठी दोन वाटा असतात. पहिली पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्हची. ती टॅपेट कव्हरमधून निघून थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांत) जाते. इथे ‘पुढे’ म्हणजे इंजिनाच्या बाजूला, ‘अलीकडे’ म्हणजे फिल्टरच्या बाजूला. दुसरी ब्रीदरची. ती एअर फिल्टरच्या पुढे पण थ्रॉटलच्या अलीकडे इनटेक पाइपला जोडलेली असते. साध्या चालीत मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम पीसीव्हीतून घाण वायू ओढतं आणि ब्रीदरमधून गाळलेली ताजी हवा आत येते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की चित्र उलटतं. मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम जवळजवळ संपतं, आणि नेमकं तेव्हाच बॅक कॉम्प्रेशन सगळ्यात जास्त असतं. पीसीव्हीला तेवढा वायू झेपत नाही, उरलेला ब्रीदरमधून उलटा इनटेक पाइपात येतो. म्हणजे ब्रीदरमधून हवा दोन्ही दिशांनी वाहते. बोल्ट ठोकला की ताजी हवाही बंद आणि पूर्ण लोडवरची सुटकेची वाटही बंद.

पीसीव्ही व्हॉल्व्हच्या आत एक स्प्रिंग आणि एक छोटी सुई असते. स्लोवर व्हॅक्यूम जोरात असल्याने सुई ओढली जाऊन वाट अरुंद होते. मधल्या चालीत ती मोकळी होते. मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झाला तर उलट दिशेने बसून वाट बंद करते, म्हणजे ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोचत नाही. कॅलिफोर्नियात १९६१ पासून नव्या गाड्यांना ही व्यवस्था आली. त्याआधी हा धूर एका नळीने सरळ रस्त्यावर सोडला जायचा. बऱ्याच नव्या इंजिनांत सुटा व्हॉल्व्ह दिसत नाही, टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडदा बसवलेला असतो. शोधून सापडला नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका.

डिझेलचं वेगळं आहे. तिथे पेट्रोलसारखं मॅनिफोल्ड व्हॅक्यूम नसतं. क्रँककेसमधला सगळा वायू ऑइल सेपरेटरमधून टर्बोच्या तोंडाशी जातो आणि वाट सहसा एकच असते. आपल्या जिल्ह्यात बोलेरो, स्कॉर्पिओ गावोगाव आहेत. जुन्या डिझेल गाड्यांना ब्रीदर खाली मोकळा सोडलेला असायचा, त्यामुळे ‘खाली सोडून दे, काही होत नाही’ हा सल्ला अजूनही मिळतो. बंद व्यवस्थेसाठी बनवलेल्या इंजिनाला तो लावू नका.

## १. सामान आणि कागद जमवा

- गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला व्हॅक्यूम पाइपांचा नकाशा. काही गाड्यांत तो बॉनेटच्या आतल्या स्टिकरवरही असतो.
- फ्युएल ट्रिम (ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक इंधनात करतो ती कमी-जास्त) दाखवणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या निदान सॉकेटला लागणारा). साधा ब्लूटूथवालाही चालतो.
- व्हॅक्यूम गेज, आणि दोन मीटर पारदर्शक नळी.
- व्हर्नियर, होज क्लिपा, पक्कड, थ्रॉटल क्लीनर आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरसाठीचा वेगळा क्लीनर. ब्रेक क्लीनर त्या सेन्सरवर मारू नका.
- आरसी, विमा पॉलिसी आणि चालू पीयूसी.

कागदांचं काम इथेच उरका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. परवानगी नसलेला बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. क्रँककेसचा वायू बाहेर न सोडणं ही पेट्रोल गाड्यांच्या मान्यता चाचणीचीच एक अट आहे. पीयूसीची नळी फक्त सायलेन्सरला लागते, त्यामुळे उघडा ब्रीदर तिथे सापडत नाही, पण म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. शंका असेल तर पेठ रोडच्या आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम पुढे ढकला.

## २. इंजिनची तब्येत बघा

झिजलेल्या इंजिनावर नवं इनटेक बसवलं तर कॅच कॅन (वाफेतलं ऑइल अडवणारा डबा) भरत राहतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणून मोजमाप आधी.

इंजिन गरम करून स्लोवर ठेवा, ऑइल फिलरचं झाकण काढून त्या तोंडावर वहीचा कागद ठेवा. पेट्रोल इंजिनात तो हलका आत ओढला गेला पाहिजे. झाकण काढल्यावर काही गाड्या स्लोवर अडखळतात, ते चालतं. कागद उडत असेल आणि तोंडातून धूर ठेका धरून येत असेल तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरात हवा भरून गळती मोजण्याची) चाचणी करून घ्या. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत पुढे जा, २० टक्क्यांच्या वर असेल तर आधी रिंगा बघा.

नेमका आकडा हवा असेल तर पारदर्शक नळीचा यू आकार करून फळीवर बांधा. दोन्ही भुजा निदान ३० सेंटीमीटर उंच ठेवा, नळीत निम्म्यापर्यंत पाणी भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीत रबर लावून घट्ट बसवा आणि दुसरं उघडं ठेवा. फळी इंजिनापेक्षा खाली ठेवा. पाणी इंजिनात ओढलं जाता कामा नये. दोन्ही भुजांतल्या पातळीचा फरक १० सेंटीमीटर असेल तर तो साधारण १ किलोपास्कल. स्लोवर इंजिनाकडची पातळी किंचित वर चढली पाहिजे. हा आकडा लिहून ठेवा, काम झाल्यावर याच्याशीच तुलना करायची आहे. ही चाचणी गाडी उभी असतानाच करा.

व्हॅक्यूम गेजबद्दल नाशिककरांनी एक लक्षात ठेवावं. स्लोवर १८ ते २२ इंच पारा हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर ३०० मीटर उंचीला तो साधारण एक इंच घटतो. आपण सुमारे ६०० मीटरवर आहोत, त्यामुळे इथे निरोगी इंजिन १६ ते २० दाखवतं. १७ बघून घाबरू नका आणि कुणी त्यावरून व्हॉल्व्हचं काम काढलं तर थांबा.

## ३. जुने पाइप काढण्याआधी नकाशा काढा

प्रत्येक पाइपाचा दोन्ही टोकांचा फोटो काढा. टेप लावून त्यावर ‘कुठून-कुठे’ लिहा. व्हर्नियरने आतला व्यास मोजा. त्याच वेळी थ्रॉटलच्या अलीकडचा भाग पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. ऑइलचा हलका थर सगळ्याच जुन्या गाड्यांत असतो, थेंब जमत असतील तर पीसीव्ही संशयित आहे.

सुटा पीसीव्ही व्हॉल्व्ह असेल तर काढून हलवा, आत खुळखुळ ऐकू आली पाहिजे. पाइप जोडलेला ठेवून तोंडावर बोट धरलं की स्लोवर जोरदार ओढ जाणवते. ओढ नसेल तर व्हॉल्व्ह किंवा पाइप तुंबला आहे. त्याच गाडीच्या पार्ट नंबरचा नवा घाला. दुसऱ्या गाडीचा ‘मोठा’ व्हॉल्व्ह बसतो म्हणून घालू नका. आतल्या छिद्राचं माप त्या इंजिनाच्या स्लोशी जुळवलेलं असतं, ते बदललं की स्लो आणि मिश्रण दोन्ही बिघडतं.

## ४. नव्या पाइपला ब्रीदरची निपल

सगळ्या कामाचा गाभा हा आहे, इथे घाई करू नका.

जागा. निपल, म्हणजे पाइप जोडायचं नळीसारखं तोंड, फिल्टरच्या पुढे, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्याही पुढे आणि थ्रॉटल किंवा टर्बोच्या अलीकडे असली पाहिजे. सेन्सरपासूनचं अंतर मूळ पाइपात होतं त्यापेक्षा कमी ठेवू नका. इंजिन बंद केल्यावर ऑइलची वाफ मागे सरकते आणि सेन्सरच्या तारेवर बसते. निपल सेन्सरच्या अलीकडे लावली तर ती वाफ थेट तारेवरच जाते.

माप. आतला व्यास मूळ पाइपाएवढा किंवा किंचित मोठा. १९ मिलिमीटरचा पाइप १० च्या निपलला रिड्यूसर लावून जोडायचा प्रकार सर्रास चालतो. स्लोवर काहीच कळत नाही, पूर्ण लोडवर दाब साठतो.

बसवणी. निपलचं आतलं टोक पाइपाच्या भिंतीशी सपाट घासलेलं असावं, हवेच्या वाटेत पुढे आलेलं नसावं. पाइपाला थ्रॉटलकडे उतार द्या, म्हणजे ऑइलचे थेंब सेन्सरकडे येणार नाहीत.

ॲल्युमिनियमच्या पाइपाला टिग वेल्डिंगने निपल लावून घ्या. सातपूर किंवा अंबडच्या जॉबवर्कवाल्यांना हे छोटं काम आहे. मूळ निपल आणि पाइप सोबत न्या, फक्त तोंडी माप सांगू नका. वेल्डिंगनंतर पाइप पाण्याने धुवा, हवेने फुंका, आतून बोट फिरवा. ड्रिलचा एक कीस सिलिंडरच्या भिंतीवर कायमची रेघ ओढू शकतो. प्लास्टिकच्या पाइपाला दोन्ही बाजूंनी वॉशर असलेलं फिटिंग वापरा आणि आतल्या नटाला थ्रेडलॉक लावा, कारण तो सुटला तर थेट इंजिनात जातो. निपल नुसत्या एपॉक्सीने चिकटवू नका. बॉनेटखालची उष्णता आणि इंजिनाचे हादरे यांत ती निघते.

मोकळ्या फिल्टरचा एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही. मूळ एअर बॉक्स हवेला थोडा अडवतो, त्यामुळे पूर्ण लोडवर इनटेक पाइपात थोडी ओढ तयार होते आणि ती ब्रीदरमधला वायू खेचते. फिल्टर जितका मोकळा तितकी ही ओढ कमी. म्हणून मोठा फिल्टर लावल्यावर ब्रीदरचा पाइप आणखी मोकळा हवा. उलट कांद्याच्या हंगामात निफाड-लासलगावच्या धुळीत फिल्टर तुंबला की ओढ वाढते आणि ब्रीदरमधून ऑइल जास्त येतं. इनटेकमध्ये अचानक ऑइल दिसलं तर आधी फिल्टर उघडा.

## ५. पाइप कोणता घ्यायचा

गरम पाण्याचा रेडिएटर पाइप इथे चालत नाही, ऑइलने तो फुगतो आणि मऊ पडतो. लाल-निळा चकचकीत साधा सिलिकॉन पाइपही चालत नाही, ऑइल त्याच्यातून झिरपतं. आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला असेल तरच घ्या. साध्या जागी ऑइलसाठीचा नायट्रिल रबराचा पाइप पुरतो, टर्बोजवळ एफकेएम रबर घ्या. हायड्रॉलिक पाइपांची दुकानं औद्योगिक वसाहतींजवळ असतात, तिथे ‘ऑइल आणि व्हॅक्यूम दोन्हीसाठी’ असं स्पष्ट सांगा. पीसीव्हीच्या बाजूला भिंत जाड हवी, नाहीतर गरम झाल्यावर पाइप आत दबून बंद होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा ठीक दिसतो. हा दोष शोधायला फार वेळ जातो.

पाइपाला खोलगट झोळ येऊ देऊ नका. तिथे पाणी आणि ऑइल साचतं.

## ६. छोटा ब्रीदर फिल्टर का नको

दिसायला छान, किमतीला स्वस्त, म्हणून हाच सगळ्यात जास्त बसतो. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत मात्र पीसीव्ही आता त्या फिल्टरमधून न मोजलेली हवा ओढते. ईसीयूच्या हिशेबात नसलेली ही हवा मिश्रण पातळ करते, फ्युएल ट्रिम वर चढतो, आणि पी०१७१ (मिश्रण पातळ) हा कोड येतो. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवेऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजतात. तिथे हा कोड येईलच असं नाही, पण धूळ, वास आणि ऑइलचा फवारा हे तिघं असतातच. तो फवारा एक्झॉस्टवर पडला तर आगीचा धोका आहे.

## ७. कॅच कॅन लावायचा असेल तर

रोजच्या नॅचरली ॲस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) गाडीला तो हवाच असं नाही. थेट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे तिथे ऑइलची काजळी साचते. अशा इंजिनाला आणि टर्बोला कॅन उपयोगी. इनटेकमधलं ऑइल मिश्रणाचा ऑक्टेन खाली आणतं आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी जळून होणारी ठकठक) वाढवतं, हेही एक कारण.

कॅन पीसीव्ही आणि मॅनिफोल्डच्या मधे येतो. रोजच्या वापराला ३०० ते ५०० मिलिलिटर पुरतात. आत आडपडदा आणि जाळी हवी, रिकाम्या डब्यातून वाफ सरळ निघून जाते. जाळीच्या जागी भांडी घासायची तार भरू नका, तिचे तुकडे इंजिनात जातात. झाकण हवाबंद असलं पाहिजे. डबा एक्झॉस्टपासून दूर, उभा आणि हात पोचेल अशा जागी लावा.

एका सापळ्यात खूप जण सापडतात. पीसीव्ही आणि ब्रीदर दोन्ही पाइप एकाच कॅनला जोडतात. मग ताजी हवा ब्रीदरकडून कॅनमध्ये येते आणि तिथूनच मॅनिफोल्डमध्ये निघून जाते. क्रँककेसमध्ये काहीच फिरत नाही. दोन्ही बाजू गाळायच्या असतील तर दोन वेगळे कॅन लावा.

## ८. टर्बो किंवा स्वतंत्र थ्रॉटल बसवणार असाल तर

टर्बो लावला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच्या जागी दाब येतो. मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह तो दाब पूर्ण अडवतोच असं नाही, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, थेट क्रँककेसमध्ये शिरतं. पीसीव्हीच्या पाइपात ऑइल सहन करणारा एकमार्गी व्हॉल्व्ह घाला. बाण मॅनिफोल्डकडे. बसवण्याआधी तोंडाने फुंकून दिशा पक्की करा. ब्रीदरची निपल टर्बोच्या तोंडाच्या अलीकडे येईल, म्हणजे बूस्टमध्ये तिथल्या ओढीचा फायदा मिळेल.

क्रँककेसमध्ये दाब राहिला तर पहिला फटका टर्बोलाच बसतो. टर्बोचं ऑइल नुसत्या उताराने खाली उतरतं. खालून दाब आला की ते अडतं, टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं आणि निळा धूर येतो. नवाकोरा टर्बो ‘खराब निघाला’ म्हणून परत करण्याआधी ब्रीदर तपासा.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असेल तर एका रनरमधून (एका सिलिंडरकडे जाणाऱ्या पाइपातून) पीसीव्ही घेऊ नका. तिथे व्हॅक्यूम झटक्याझटक्याने येतं आणि एकट्या त्या सिलिंडरच्या वाट्याला सगळं ऑइल जातं. सगळ्या रनरमधून बारीक नळ्या एका छोट्या टाकीत आणा आणि पीसीव्ही त्या टाकीला जोडा.

## ९. चाचणी

गरम इंजिनावर स्लोला शॉर्ट आणि लाँग (तात्पुरता आणि साठवलेला) फ्युएल ट्रिम बघा. बदलाआधीच्या आकड्यांपासून पाच टक्क्यांहून जास्त सरकले तर कुठेतरी गळती आहे. फक्त स्लोवर ट्रिम जास्त आणि २,५०० आरपीएमला ठीक, ही व्हॅक्यूम गळतीची खूण. मग यू-नळीची चाचणी पुन्हा करा.

लोडची चाचणी म्हणून कसारा घाट उत्तम. चढताना इंजिन जास्त लोडवर असतं, ब्रीदर उलटा वाहतो. इगतपुरीला पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन डिपस्टिक वर उचलली गेली आहे का, टॅपेट कव्हरच्या कडेला ओल आहे का ते बघा. उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला आणि गाडी गिअरमध्ये असते, व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतं. घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळ्या धुराचा लोट आला तर ऑइल पीसीव्हीतून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून येतंय. हे आरशातून नको, सोबतच्या माणसाला बघायला सांगा. दोन्ही वेळा वेगमर्यादेतच चालवा, लोडसाठी वरचा गिअर पुरतो.

## १०. नंतरची देखभाल

पहिले १,००० किलोमीटर कॅन दर आठवड्याला उघडा, म्हणजे तुमच्या गाडीत तो किती वेगाने भरतो ते कळेल. अर्धा भरण्याआधी रिकामा करा. भरलेला कॅन एखाद्या वळणावर सगळं ऑइल एकदम इंजिनाला पाजतो.

डिसेंबर-जानेवारीत लक्ष जास्त द्या. निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली जातो. गंगापूर रोडवरून कॉलेज रोडपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, आणि वाफ पाणी होऊन बसते. ऑइल फिलरच्या झाकणाखाली आणि कॅनमध्ये दुधी, लोण्यासारखा थर दिसला तर आधी कुलंटची पातळी बघा. ती स्थिर असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायचं कारण नाही. आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास चालवा आणि थर जातो का बघा. ऑइल बदलण्याचं अंतर अशा वापरात कमी करा.

कॅनमधला गाळ गटारात किंवा मोकळ्या जागेत ओतू नका, पावसाबरोबर तो गोदावरीत जातो. झाकणाच्या डब्यात साठवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात टाकायला द्या.